ज्योत हवा कुठून घेते ते बघा, मगच फटी बुजवा

ग्वाल्हेरहून, मुरारमधल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्यातला मुद्द्याचा भाग असा:

"आमचं मुरारमधलं घर जुनं, बंगलीवजा आहे. बैठकीच्या खोलीत पूर्वी कोळशाची फायरप्लेस होती, तिच्या कोनाड्यात आता तीन प्लेटींचा गॅस हीटर ठेवतो. सिलिंडर व्हरांड्यात असतो आणि रबरी नळी खिडकीखालच्या भोकातून आत घेतली आहे. हीटर बंद केला की धुराड्यातून आणि कोनाड्याच्या कडेने बोचरा वारा येतो. माझी मुलगी कॅनडात, कॅलगरीला असते. तिच्याकडेही गॅसची फायरप्लेस आहे आणि तिलाही हाच त्रास होता. तिने कडेच्या फटी सील केल्या, चांगला फरक पडला. ते ऐकून ह्यांनी धुराड्यात दोन पोती कोंबली, खिडक्यांना पट्ट्या लावल्या, छताजवळच्या रोशनदानांवर (झरोक्यांवर) पुठ्ठे ठोकले. वारा थांबला, पण खिडकीकडून अजून गारठा जाणवतो. काचांवर पाणी जमतं. आठ दिवसांपासून संध्याकाळी सासूबाईंचं डोकं दुखतं, मळमळतं, सकाळी त्या बऱ्या असतात. थंडीचा त्रास असावा. खोली 16 बाय 14 फूट, उंची 14 फूट. अजून कुठली फट राहिली असेल? मुलीकडेही खालच्या जाळीतून गार हवा येतेच, तिला काय सांगू?"

ताई, फटींचं सगळं सांगतो, पण आधी उठून एवढं करा. हीटर बंद, व्हरांड्यातल्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, रोशनदानांचे पुठ्ठे खाली. धुराड्यातली पोती निघेपर्यंत हीटर पेटवायचा नाही, अगदी पाच मिनिटांसाठीही नाही. सासूबाईंना आजच डॉक्टरांकडे न्या आणि सांगा, "बंद खोलीत गॅस हीटर चालू होता." रक्तातलं कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे हवा अपुरी पडली की ज्योतीतून सुटणारा विषारी वायू, तपासायचं आहे हे त्यांना स्पष्ट सांगा, आणि घरात आणखी कुणाचं डोकं जड होत असेल तर तेही सांगा. घरच्या ऑक्सिमीटरवर 97-98 दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. बोटावर लावायचं ते यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही प्राणवायूवालंच समजतं आणि आकडा चांगला दाखवतं.

संध्याकाळी त्रास आणि सकाळी बरं, ही खूण थंडीची नाही. हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्टपणे रक्ताला धरतो आणि मोकळ्या हवेत गेलं तरी त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. हीटर बंद झाल्यावर रात्रभरात तो उतरतो, म्हणून सकाळी बरं वाटतं. त्याला वास नाही, रंग नाही. गॅसला येणारा उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो आणि तो गॅससोबत जळून जातो. तेव्हा "वास तर येत नाही" यावर भिस्त ठेवता येत नाही.

पोती कोंबल्यावर नेमकं काय झालं ते समजून घ्या, म्हणजे पुढची सगळी कामं आपोआप ध्यानात येतील. दोन प्लेटी चालू असल्या की असा हीटर तासाला साधारण 200 ग्रॅम गॅस जाळतो. चार तासांचे झाले 800 ग्रॅम. त्यातून सव्वा लिटरच्या वर पाणी वाफ होऊन हवेत जातं, काचांवर दिसतं ते हेच. शिवाय जवळपास 2.4 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तुमची खोली 89 घनमीटरच्या आसपास आहे. ती पूर्ण हवाबंद धरली तर चार तासांत प्राणवायू 21 टक्क्यांवरून साडेअठरापर्यंत उतरतो. 18 च्या आसपास आला की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड सुटायला लागतो. घर एवढं हवाबंद नसतं, हे खरं. पण तुमचा हीटर कोनाड्यात आहे. वरचं धुराडं बंद झाल्यामुळे जळका वायू कोनाड्याच्या छताशी साठतो आणि हीटर तोच परत ओढून घेतो. खोलीतली हवा बिघडायच्या आधीच ज्योतीभोवतीची हवा बिघडते.

आणि मुलीच्या घरी हे का होत नाही? तिची फायरप्लेस बहुधा काचबंद पेटीची आहे. तिथल्या बहुतेक नव्या घरांत तशीच असते. तिच्या मागून एकात एक बसवलेल्या दोन नळ्या भिंतीबाहेर जातात. बाहेरच्या नळीतून ज्योतीला हवा येते, आतल्या नळीतून जळका वायू जातो. खोलीतल्या हवेचा ज्योतीशी संबंधच नाही, मधे काच आहे. त्यामुळे तिने खोलीच्या बाजूच्या फटी बुजवल्या तरी ज्योतीचं काही अडत नाही. तुमचा हीटर खोलीतलीच हवा घेतो आणि खोलीतच सोडतो. तिचा उपाय तिच्याकडे बरोबर होता, तुमच्याकडे तोच घातक ठरला. दोन्हींना लोक फायरप्लेसच म्हणतात, घोटाळा तिथून सुरू होतो.

आता कामाला लागू.

पोती काढताना नाका-तोंडाला घट्ट मास्क बांधा, खाली जुनी चादर पसरा आणि खेचण्याआधी पोत्यांवर पाण्याचा फवारा मारा. वर्षानुवर्षांची काजळी एकदम खाली येते. दोन कोंबली होती तर दोन्ही निघाली का ते मोजा. मग कोनाड्यात आरसा तिरपा धरून दुपारी वर बघा. आभाळाचा तुकडा दिसला पाहिजे. दिसला नाही तर वर काहीतरी आहे: साळुंक्यांचं किंवा कबुतरांचं घरटं, मधमाश्यांचं पोळं, नाहीतर पडलेली वीट. हे काम गच्चीवरून गवंड्याकडून करून घ्या, खालून काठी घालून ढोसू नका.

गवंडी वर चढलाच आहे तर धुराड्याच्या तोंडावर टोपी बसवून घ्या. चार कोपऱ्यांत विटांचे पाय, त्यावर दगडी पाटिया (सपाट फरशी) आणि चारही बाजूंना अर्धा इंच भोकांची जस्ती जाळी. पाय निदान नऊ इंच उंच हवेत, म्हणजे धूर आणि वायू मोकळे जातील. वरून येणारा पाऊस, पाखरं आणि सरळ खाली घुसणारा वारा यांना यानेच अटकाव होतो. धुराड्याचं तोंड दहा फुटांच्या आतल्या कठड्यापेक्षा किंवा खोलीपेक्षा दोन फूट तरी उंच असावं. मागाहून गच्चीवर खोली बांधली असेल तर वारा तिच्यावर आदळून धुराड्यात उलटा घुसतो. तसं असेल तर टोपीने भागणार नाही, विटा चढवून धुराडं उंच करावं लागेल.

हीटरसोबत आलेली पुस्तिका काढा. असे बरेच हीटर मोकळ्या खोलीत, चारी बाजूंनी हवा राहील असे ठेवायचे असतात. त्यात कोनाड्यात ठेवण्याची मनाई असेल तर तो तिथून हलवा, त्यावर दुसरा तोडगा नाही. आणि प्राणवायू घटला की गॅस तोडणारा सेन्सर हीटरला आहे का, तेही बघा. पायलटच्या छोट्या ज्योतीला जोडलेला हा भाग असतो. नसेल तर तो हीटर बदला असंच आम्ही सांगू. असेल तर त्याच्या भरवशावर खोली बंद करू नका. त्यात धूळ बसते, तो फक्त शेवटचा आधार आहे.

पुस्तिका आडवी येत नसेल तर धुराडं साफ झाल्यावर परीक्षा घ्या. एक खिडकी इंचभर उघडी ठेवून हीटर दहा मिनिटं चालवा. मग खिडकी लावा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू करा आणि पेटती उदबत्ती कोनाड्याच्या वरच्या कडेशी, बाहेरच्या अंगाने धरा. धूर आत वळून वर गेला पाहिजे. तो खोलीकडे आला तर हीटर लगेच बंद करा. एक्झॉस्ट पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, तिची भरपाई धुराड्यातून होते आणि धुराडं उलटं वाहायला लागतं. मोठ्या घरात दोन दारं मधे असली तरी हे घडतं. धुक्याच्या सकाळी धुराड्यात गार हवेचा जड खांब बसलेला असतो, तो सुरुवातीची काही मिनिटं वर सरकत नाही. म्हणून पेटवताना पहिली दहा मिनिटं खिडकी इंचभर उघडी ठेवण्याची सवयच लावून घ्या.

यानंतर हवेच्या दोन वाटा पक्क्या करायच्या, एक वर आणि एक खाली. वरची वाट तुमच्याकडे तयार आहे: रोशनदान. जुन्या घरं बांधणाऱ्यांनी ती उगाच ठेवली नव्हती. थंडीत वारा बहुतेक उत्तर-वायव्येकडून येतो, तेव्हा दक्षिणेकडचं किंवा व्हरांड्याकडचं एक रोशनदान कायम उघडं राहू द्या आणि बाकीची बंद केली तरी चालतील. उघड्या रोशनदानाला जाळी लावताना डासांची बारीक जाळी टाळा. तिच्यात दोन महिन्यांत धूळ बसते आणि भोक नावापुरतं उरतं. पाव इंच भोकांची जाळी पुरे.

खालच्या वाटेचं मात्र विचारपूर्वक करा, कारण पायांना गार लागतं ते इथूनच. सध्या ही हवा दाराच्या उंबऱ्याखालून येत असेल. ती सगळी बैठक ओलांडून हीटरपर्यंत पोचते आणि वाटेत सगळ्यांचे पाय गारठवते. ती हीटरच्या जवळच आत घ्या. फायरप्लेसच्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीत, जमिनीपासून सहा इंचांवर, हीटरपासून फूट-दीड फूट अंतरावर सहा इंच बाय सहा इंचाचं भोक पाडून घ्या. लागते साधारण चार बाय चार इंचांची मोकळी जागा, पण जाळी आणि बाहेरच्या तिरप्या पट्ट्या निम्मी अडवतात, म्हणून सहा बाय सहा. बाहेरच्या बाजूला खाली झुकलेल्या पट्ट्यांचं झाकण, आतल्या बाजूला जाळी. झोत थेट प्लेटींवर येऊ देऊ नका, ज्योत फडफडते. पुस्तिकेत याहून मोठी जागा सांगितली असेल तर तीच धरा. घरगुती सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर पाण्यासारखा फरशीवर पसरतो. खालच्या या भोकातून तो बाहेर जायलाही वाट मिळते. हे भोक झाल्यावर उंबऱ्याखालची फट ब्रशची पट्टी लावून खुशाल बंद करा. भोक होण्याआधी नाही.

नळीबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. रबरी नळी भिंतीतून नेणं बंद करा. भिंतीच्या आत ती कुठे घासली, कुठे उंदराने कुरतडली ते दिसत नाही, आणि तुमच्याकडे तर भोकात चिंधी किंवा सिमेंट भरलेलं असणार. नळी दिसेल अशीच असावी, दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि पाच वर्षांत बदलावी, तिच्यावर छापलेली तारीख वाचा. भिंतीतून तांब्याची नळी जाऊ द्या, आणि हे काम गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडूनच. तांब्याच्या नळीभोवती थोडा मोठा पाइप घालायचा, सिमेंट सरळ तांब्याला लागता कामा नये, ते तांबं खातं. नळी आणि बाहेरचा पाइप यांच्यामधली पोकळी फक्त खोलीच्या बाजूने सीलंटने बंद करायची, व्हरांड्याच्या बाजूने उघडी ठेवायची. गार वारा तेवढ्याने थांबतो, आणि भिंतीत कधी गळती झालीच तर गॅस खोलीत न येता बाहेर पडतो. आत हीटरजवळ एक कॉक हवा. जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाच्या पाण्याचा फेस लावून बुडबुडे येतात का ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा.

आता खऱ्या फटी. वाऱ्याची रात्र निवडा, हीटर आणि पंखे बंद ठेवा, दारं लावा आणि उदबत्ती घेऊन भिंतीकडेने हळू चला. धूर आडवा झाला की तिथे खडूने खूण करा. धूर काचेजवळ सरळ खाली वाहत असेल तर ती फट नाही. गार काचेला लागून हवा थंड होते, जड होते आणि खाली घसरते. 14 फूट उंचीच्या खोलीतल्या उंच खिडक्यांखाली बसलं की वारा आल्यासारखं वाटतं ते यामुळे. तुम्हाला खिडकीकडून अजून गारठा जाणवतो, त्याचं कारण बहुधा हेच आहे. त्यावर सीलंट कितीही भरा, उपयोग नाही. जाड, अस्तराचा, फरशीला टेकणारा पडदा लावा, फक्त तो हीटरपासून निदान चार फूट लांब राहील हे बघा.

खिडक्यांच्या पट्ट्यांबद्दल तुम्ही लिहिलं नाही की त्या कशा लावल्या, पण स्पंजाच्या स्वस्त पट्ट्या एका हिवाळ्यात चपट्या होऊन बसतात. रबराच्या ईपीडीएम पट्ट्या घ्या. जाडी अंदाजाने घेऊ नका. कणकेची छोटी गोळी पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून चौकटीवर ठेवा आणि झडप लावा. उघडल्यावर गोळी जितकी चपटी झाली तेवढी तिथली फट. वर, मधे, खाली अशा तीन ठिकाणी मोजा, जुन्या लाकडात तिन्ही आकडे वेगळे येतात. दोन-तीन मिलिमीटरला ई आकाराची पट्टी, तीन ते पाचला पी आकाराची, त्याहून जास्त असेल तर आधी सुताराकडून झडप बसवून घ्या. पट्टी जाड झाली की कडी लागत नाही, मग कुणीतरी जोर लावतं आणि बिजागरी सैल होते. चिकटवण्याआधी चौकट स्पिरिटने पुसा आणि काम दुपारच्या उन्हात करा. गार, दमट लाकडावर गोंद धरत नाही.

फायरप्लेसच्या कडेचं काम वेगळ्या सामानाचं आहे, इथे उष्णता लागते. लोहिया बाजारात गेलात आणि नुसतं "फट भरायला काहीतरी द्या" म्हणालात तर हातात फोमचा डबा पडेल. तो पिवळा पीयू फोम पेट घेतो आणि विषारी धूर सोडतो. कोनाड्याजवळ त्याचा थेंबही नको. थर्मोकोल, चिंध्या, वर्तमानपत्र हेही नको.

कोनाड्याच्या आत, जिथे विटा तापतात, तिथल्या पाच-सहा मिलिमीटरपर्यंतच्या भेगांत फायर सिमेंट भरा. भेग खरवडून धूळ काढा, विटा ओल्या करा, मग भरा. त्याहून रुंद भेगेत ते एकटं भरलं तर पहिल्या तापण्यातच तडकतं. रुंद भेगेत आधी सिरॅमिक फायबरची दोरी घट्ट बसवा आणि वरून फायर सिमेंटचा पातळ थर द्या. दोन दिवस वाळू द्या, मग पहिल्या दिवशी एकच प्लेट, थोडा वेळ. सिरॅमिक फायबर कापताना हातमोजे आणि मास्क घाला, त्याची कुसं कातडीत आणि छातीत जातात.

बाहेरची दगडी चौकट आणि भिंत यांच्यामधली फट ही सहसा सर्वांत मोठी चोर असते. चौकट मागाहून भिंतीला लावलेली असते, तिच्यामागे पोकळी राहते, आणि ती पोकळी वर धुराड्याच्या अंगाशी जाते. बोट लावून बघा, गार वाऱ्याची धार लागेल. तुमची भिंत चुन्याची असणार, तेव्हा इथे सिमेंट वापरू नका. सिमेंट कडक असतं, चुन्याची भिंत तापल्यावर आणि निवल्यावर थोडी हलते, आणि सिमेंटच्या शेजारी नवी भेग पडते. पोकळीत रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) सैलसर भरा, ते जळत नाही, आणि तोंड एक भाग चुना, तीन भाग बारीक रेती या मिश्रणाने बंद करा. दोन-तीन दिवस ओलं फडकं टाकून ठेवा. कडेच्या केसाएवढ्या फटीला, हात टेकवता येईल एवढ्याच गरम जागी, न्यूट्रल सिलिकॉन चालेल. आंबट वासाचं साधं सिलिकॉन चुन्यावर आणि दगडावर धरत नाही.

राहिलं धुराडं. हीटर चालू असताना ते उघडंच हवं, बंद असताना त्यातून वारा येतो, मग काय करायचं? धुराड्याच्या आत झडप बसवायला आमची संमती नाही. झडप आतून दिसत नाही, कुणीतरी ती लावतो, दुसरा कुणीतरी हीटर पेटवतो. त्यापेक्षा कोनाड्याच्या तोंडाला बसेल अशी फळी करा. 12 मिलिमीटरचा फायबर सिमेंट बोर्ड तोंडाच्या मापाचा कापून घ्या, चारही कडांना रबराची पट्टी, समोर दोन मुठी, आणि मधे इंचभराची दोन भोकं, म्हणजे धुराड्यात ओल साठणार नाही. तळाशी मागच्या बाजूला सुमारे दहा इंच लांब लाकडी आडवा पाय ठोका. हा पाय हीटर जिथे उभा राहतो तिथेच टेकला पाहिजे. मग हीटर बाहेर काढल्याशिवाय फळी बसत नाही आणि फळी काढल्याशिवाय हीटर आत जात नाही. लक्षात ठेवायची गोष्टच उरली नाही. हीटर हलवता यावा म्हणून आतल्या कॉकपासून हीटरपर्यंत रबरी नळीचा छोटा तुकडा राहील, तो ओढला जाणार नाही एवढा सैल ठेवा.

दोन अलार्म घ्या, दोन्ही वेगळे असतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हीटरपासून दीड-दोन मीटरवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला. गॅस गळतीचा अलार्म जमिनीपासून फूटभरावर. उलटे लावले तर गळतीवाला फार उशिरा वाजेल. गळतीचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, चालूही नको, बंदही नको. दारं उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर जाऊन 1906 ला फोन लावा.

झोपायच्या खोलीत गॅस हीटर कधीच नको, सासूबाईंच्या तर नाहीच. त्यांना तेलाचा इलेक्ट्रिक हीटर घ्या, 2000 वॅटचा. त्याला 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि निदान अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर लागते, एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. तो प्राणवायू खात नाही, त्यामुळे त्यांच्या खोलीच्या फटी हव्या तेवढ्या बुजवा. विजेचं बिल वाढेल, पण या वयात तेच योग्य. न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर तिथलीही खिडकी कुणी पुठ्ठ्याने बंद केलेली नाही ना, आजच बघा.

मुलीला हे कळवा. आधी तिने पाटीवर "डायरेक्ट व्हेंट" लिहिलं आहे का ते वाचावं. पाटी सहसा खालच्या जाळीमागे असते. तसं नसेल, काच नसेल किंवा उघडी असेल, तर सील केलेलं सगळं आधी तंत्रज्ञाला दाखवावं. डायरेक्ट व्हेंट असेल तर खालच्या जाळीतून येणारी गार हवा ज्योतीची नाही. पत्र्याची पेटी भिंतीतल्या पोकळीत बसवलेली असते, ती पोकळी घराबाहेर आलेल्या खोक्यात असली आणि तिच्यात उष्णतारोधक नीट भरलेलं नसलं तर उणे वीस अंशांची हवा पेटीभोवती फिरते आणि मिळेल तिथून आत येते. गॅस आणि पायलट बंद करून, पेटी पूर्ण गार झाल्यावर खालची जाळी काढावी आणि टॉर्चने बघावं. गॅसची नळी आणि वायर जिथून आत येतात ती भोकं बहुधा उघडीच सोडलेली असतात. नळीच्या भोकात रॉकवूल आणि वरून 260 अंशांच्या पुढे टिकणारं सीलंट. वायरभोवती घट्ट दाबू नये. पत्र्याची चौकट आणि टाइल यांच्यामधल्या फटीलाही हेच सीलंट. बाहेर भिंतीवर नळीची टोपी जिथे टेकते त्या चौकटीच्या कडेला बाहेरचं सीलंट चालेल, पण टोपीची तोंडं आणि खालची पाण्याची भोकं मोकळीच राहिली पाहिजेत, बर्फ साचला तर तो हाताने काढावा.

तीन गोष्टी तिने करू नयेत. जाळ्या कायमच्या बंद करणं, कारण पेटी गार ठेवणारी खोलीतली हवा तिथूनच फिरते. पेटीभोवती सुटं उष्णतारोधक कोंबणं, कारण पेटी आणि लाकडी चौकटीत किती अंतर हवं ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि त्यात भर घातली की लाकूड तापतं. आणि काचेच्या कडेने सिलिकॉन लावणं. काचेकडून वारा येत असेल तर तिची दोरीसारखी गॅस्केट चपटी झाली आहे किंवा काचेची कडी नीट बसलेली नाही. गॅस्केट तंत्रज्ञाकडून बदलून घ्यावी, कारण तीच जळका वायू आत येऊ देत नाही. जास्तच थंडी असेल तेव्हा पायलट चालू ठेवला तर पेटी कोमट राहते. काही नव्या पेट्यांत त्यासाठी वेगळं बटण असतं. फटी भरूनही हवा येत राहिली तर दोष बाहेरच्या खोक्यातल्या उष्णतारोधकात आहे. ते खोकं बाहेरून उघडून भरायचं काम उन्हाळ्यात करून घ्यावं.

तुमच्याकडे रोज रात्रीचा क्रम असा ठेवा: आधी व्हरांड्यातला रेग्युलेटर बंद, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्या, मग हीटरचं बटण आणि आतला कॉक. अर्धा तास विटा निवू द्या. हीटर बाहेर ओढा, फळी बसवा, आणि एकदा उदबत्ती तिच्या कडेने फिरवा.